पुकारलेला भाव

"आधी लई हुशार होते हो हे. आता डोकंच चालत नाही," बाई म्हणाल्या. नवरा शेजारीच बसला होता, मान खाली घालून.

गृहस्थ चाळिशीतले, पिंपळगाव बसवंतला एका कांदा व्यापाऱ्याकडे दिवाणजी. लहानपणापासून फिट येतात. हल्ली लिलावात पुकारलेला भाव लिहायचाच राहून जायचा. मालक म्हणे, बुद्धी मंद झाली. म्हणून न्यूरोलॉजिस्टनी त्यांना नाशिकला माझ्याकडे बुद्धी आणि स्मृतीच्या चाचण्यांसाठी पाठवलं.

हिशेब, ठोकळे, कोडी सगळं बरोबर, फक्त सावकाश. बुद्ध्यांक चांगला सरासरीत. दाखवलेल्या आकृत्या अर्ध्या तासानंतरही आठवून काढल्या. मग मी एक छोटी गोष्ट वाचायला घेतली. मध्येच त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर खिळली. ओठ चाळवू लागले, डावा हात शर्टाचं बटण चाचपत राहिला. मिनिटभराने म्हणाले, "हां मॅडम, करा सुरू." गोष्ट निम्मी वाचून झाली होती.

"असं ना? विचारात असले की होतं. रोजचंच आहे," बाई म्हणाल्या. "फिट नाही ती, पडतात कुठे?"

त्यांच्या घरी फिट म्हणजे हातपाय झाडणं, तोंडाला फेस आणि नाकाला कांदा नाहीतर चप्पल (दोन्हींचा उपयोग शून्य). हे भान हरवण्याचे झटकेही फिटच, पण त्यामुळे ते डॉक्टरांना कुणी सांगितलेच नव्हते. त्या मिनिटात पुकारलेला भाव मेंदूत उमटतच नाही, तो आठवणार कुठून?

पण सगळा दोष झटक्यांचा नव्हता. एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी टिकवणारा मेंदूचा भाग, आकसलेला दिसत होता. बहुतेकांची शब्दांची स्मृती डाव्या बाजूच्या भरवशावर असते, म्हणून आकृत्या टिकल्या तरी गोष्ट दुसऱ्यांदा सलग ऐकूनही अर्धीच राहिली. त्यात टोपिरामेट या फिटच्या गोळीचा डोस वाढवलेला. या गोळीने काहींना साधे शब्द सापडत नाहीत, ते 'काटा' म्हणायला अडले आणि "ते... वजनाचं" म्हणाले.

डॉक्टरांनी हा आकसलेला भाग काढायचं ऑपरेशन सुचवलं होतं. "आहे तेपण गेलं तर?" दिवाणजींनी विचारलं. भीती अगदीच पोकळ नाही. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले. फिट कमी झाल्या, बुद्ध्यांक शाबूत राहिला, पण नवं काही लक्षात राहीना. म्हणून आता ऑपरेशन एकाच बाजूला करतात, आणि त्याआधी कोणती बाजू किती काम करते ते तपासतात.

ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. न्यूरोलॉजिस्टनी टोपिरामेट हळूहळू उतरवून दुसरं औषध दिलं. शब्द मोकळे झाले, गोष्ट अजून अर्धीच आठवते. मालकांना मी पत्र दिलं: बुद्धी शाबूत आहे, तोंडी निरोप देऊ नका, लिहून द्या. त्यांनी दिवाणजींना लिलावातून काढून वह्यांवर बसवलं, पगार तोच ठेवून. माझ्या पत्रापेक्षा त्यांनी जुन्या वह्या उघडून पाहिल्या असाव्यात.