चिठ्ठ्यांचा डबा

शाळेत लैंगिक शिक्षण कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोलापुरात पालकसभा असो की लग्नाची पंगत, मी सातवी-आठवीच्या मुलांना शरीर, पाळी, नाती यांबद्दल शिकवते हे कळलं की प्रश्न ठरलेला: ‘एवढ्या लहान पोरांना हे कशाला? बिघडतील की!’

वयाचंच बघा. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजनन सविस्तर येतं ते दहावीत. तोवर मुलं शिकायची थांबत नाहीत, मोबाइलवरून शिकतात.

वर्गात मी चिवड्याचा रिकामा डबा ठेवते. नाव न घालता चिठ्ठी टाकायची. एका मुलानं लिहिलं होतं, ‘झोपेत चड्डी ओली होते. महिना झाला. मला एड्स झालाय का?’ वयात येताना झोपेत वीर्य बाहेर पडणं नैसर्गिक आहे, त्यानं अशक्तपणा येत नाही, एड्सशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली. त्यानं महिना काढला होता. आपल्याकडे याला शब्दच ‘स्वप्नदोष’! दोष म्हटल्यावर पोर कुणाला विचारणार? मी तो शब्द वर्गात वापरत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेनंतर आलेल्या एका मुलीच्या चिठ्ठीत मात्र प्रश्न नव्हता. पाळण्याच्या रांगेत एका माणसानं नको तिथे हात लावला, एवढंच. खाली बारीक अक्षरात: ‘घरी कळलं तर परत गड्ड्याला पाठवणार नाहीत.’ तिला त्या माणसापेक्षा घरच्यांची भीती जास्त होती.

त्या तासाला धडा बाजूला ठेवला. चूक हात लावणाऱ्याची, तुमची नाही, हे तीनदा सांगितलं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर फळ्यावर लिहिला. मुलांनाही सांगितलं, नाही म्हणजे नाहीच. मागे फिरून, चिडवून त्याचं हो होत नाही. आणि एक गोष्ट मी पहिल्या तासालाच सांगून ठेवते: असं काही कळलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानं मला गप्प बसता येत नाही, पोलिसांना कळवावंच लागतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं खोटं वचन मी मुलांना देत नाही.

तरीही दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती स्वतः येऊन उभी राहिली. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. आईच्या मांडीवर विड्या वळायचं सूप होतं. ऐकता ऐकता पान कापणारी कात्री थांबली. मला वाटलं, आता पोरीवर ओरडणार. तिनं लेकीला जवळ ओढलं. पुढं काय करायचं ते सगळं नीट विचारून घेतलं. मी निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘ओ बाई, तुमच्या त्या तासाला आम्ही बसलो तर चालतंय का?’

पुढच्या शनिवारी चौघी आल्या, विड्या कारखान्यात देऊन थेट. पोरींच्या मागच्या बाकावर बसल्या.