मग सरळ पैसेच का पाठवत नाही?

आमच्या छोट्या शहरात दरवर्षी कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी पाच किलोमीटरची दौड होते. धावा, चाला, नातवाला खांद्यावर घेऊन या, कुणी काही म्हणत नाही. तिची तयारी सुरू झाली की मला एक प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा माझ्यापेक्षा हिशोबी असतो. "एवढा खटाटोप कशाला? धावून काय कॅन्सर बरा होणार आहे? पैसे सरळ पाठवून मोकळे व्हा की!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एक वर्ष आम्ही तेच केलं होतं. ऐन आदल्या रात्री पाऊस कोसळला, रस्त्यावर गुडघाभर पाणी, दौड रद्द. नाव नोंदवलेल्या सगळ्यांना निरोप धाडला की दौड नाही, निधी तेवढा पाठवा. भल्या लोकांनी पाठवलाही. पण बेरीज केली तर आदल्या वर्षीच्या निम्मीसुद्धा भरेना. असं का, ते उमजायला जरा वेळ गेला. आमच्याकडचे धावणारे स्वतः फारसं देतच नाहीत, ते मागतात. "मी पाच किलोमीटर पळणार आहे, तू किती देशील?" हे ऑफिसात, जिन्यात, फोनवर, कुठेही हसत हसत विचारता येतं. "कॅन्सरसाठी पैसे दे" म्हणताना सख्ख्या भावापुढेही जीभ अडखळते. दौड ही मागायची सोय आहे.

ही सोय किती लांब जाऊ शकते ते टेरी फॉक्सनं दाखवलं. कॅनडातला पोरगा. १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. जगायची शक्यता निम्मी, असं त्याला सांगण्यात आलं; दोनच वर्षांपूर्वी हाच आकडा १५ टक्के असता, हेही सांगितलं. मधल्या दोन वर्षांत त्यानं स्वतः काहीच केलं नव्हतं. जे केलं होतं ते संशोधन करणाऱ्यांनी, ज्यांचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. ते त्याच्या डोक्यात बसलं. १२ एप्रिल १९८० ला तो देशाच्या पूर्व टोकावरून कृत्रिम पायानं धावायला निघाला, दिवसाला साधारण एक मॅरेथॉन. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. त्याला प्रत्येक देशवासीयाकडून एक डॉलर हवा होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाखांच्या वर डॉलर जमले, देशाची लोकसंख्याही तेवढीच. जूनमध्ये तो गेला, बाविसाव्या वर्षी.

यावर हिशोबी माणसाचा दुसरा प्रश्न तयार असतो. "इतकी वर्षं गोळा करताय, औषध कुठाय?" रागवावंसं वाटतं, पण प्रश्न वावगा नाही. एकच गोष्ट सांगते. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असतं, हे फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड या दोघांना १९६० मध्ये दिसलं. ते आखूड का, हे जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये उलगडलं: दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या अदलाबदलीतून जे बिघडलेलं प्रथिन तयार होतं, त्याला अडवणारी गोळी, इमॅटिनिब, अमेरिकेत मंजूर झाली ती २००१ मध्ये. ४१ वर्षं! १९६१ मध्ये कुणी विचारलं असतं, आखूड गुणसूत्र बघून हाती काय लागलं, तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

तुमच्या हिशोबातला एक मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य. पैसा वाटेत झिरपतो. एका वर्षी आम्ही टी-शर्ट, पदकं, वेळ मोजायची चिप असा सगळा थाट केला, आणि खर्च वजा जाता जे उरलं ते पाठवताना लाज वाटली. आता छातीवरचा नंबर आणि चार सेफ्टी पिना, बास. "आठवण म्हणून तरी काहीतरी द्या" म्हणणारे रुसले. रुसू देत. कुठल्याही दौडीत नाव घालण्याआधी बेधडक विचारा, शंभरातले किती पुढे जातात? समोरचा ततपप करायला लागला तर खुशाल सरळ पैसे पाठवा.

माझं काम पळायचं नाही. शेवटच्या माणसाच्या मागून चालायचं. धावणारे याला स्वीपर म्हणतात. घरी सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मी रस्ता झाडायला जाते. (तेही करते. रिकाम्या पेल्यांची पिशवी माझ्याच खांद्याला असते.) त्यामुळे मला दिसतात त्या पाठी. पाठीवर लावायला आम्ही एक कागद देतो, वर "यांच्यासाठी" छापलेलं, खाली कोरी जागा. कुणी आई लिहितं, कुणी बाबा, कुणी शेजारच्या काकू.

गेल्या वेळी एक गृहस्थ नोंदणीच्या टेबलापाशी तीनदा आले, पेन उचललं, ठेवलं, आणि कागद कोराच लावून निघाले. तिसऱ्या किलोमीटरनंतर रेंगाळत माझ्याबरोबर आले. "पेन आहे का हो ताई?" होतं. ते पाठमोरे उभे राहिले आणि नाव सांगितलं. कागद घामानं भिजलेला, पेन टेकवलं की फाटायचा. मी डावा तळहात त्यांच्या पाठीवर सपाट दाबून एकेक अक्षर काढत होते. मध्येच ते म्हणाले, "दुसरी वेलांटी द्या हं. पहिली दिली की चिडायची." मी ती दुसरी केली. मग पुढचे दोन किलोमीटर आम्ही काही न बोलता चाललो.

आता पिशवीत मार्कर ठेवते. ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही.