कपाळावरची रेघ कशाची, तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याहून सोलापूर रस्त्याला, मांजरीच्या पुढे आमची नर्सरी आहे. रोपं निवडून झाली, पैसे द्यायची वेळ आली की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे नीट बघतं आणि जरा चाचरत विचारतं, "ताई, कपाळाला काय लागलं होतं?" डाव्या भुवईच्या आतल्या टोकापासून केसांपर्यंत उभी रेघ आहे, आणि वरच्या टोकाला रुपयाएवढा चकचकीत चट्टा. लागलं काही नव्हतं. माझी डावी नाकपुडी कपाळातून आलेली आहे, त्याची ही जागा.

नाकपुडीच्या वर मुगाएवढी गाठ होती. मोत्यासारखी चकाकायची, मधोमध खपली, ती निघाली की थेंबभर रक्त. दीड वर्ष मी तिला उन्हाचा फोड म्हणत राहिले. एका दवाखान्यातून मलम मिळालं, तेही आठ महिने चोळलं. शेवटी धाकट्या जावेनं हाताला धरून कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. तुकडा तपासायला गेला आणि नाव कळलं: बेसल सेल कार्सिनोमा. हा कॅन्सर सहसा अंगात दुसरीकडे जात नाही, पण बसला तिथे कुरतडत खोल उतरतो. म्हणून गाठीच्या कडेची चांगली दिसणारी कातडीसुद्धा काही मिलिमीटर काढतात. माझी गाठ वरून दिसत होती त्यापेक्षा आतून बरीच पसरलेली निघाली. कडा साफ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत आठवडाभर खड्ड्यावर नुसतं ड्रेसिंग होतं. एकदा सिस्टर पट्टी बदलत असताना मी आरसा मागितला. आत पांढरी कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ हाड, उघडी दिसली. तो आरसा मी पुन्हा बरेच दिवस मागितला नाही.

आता दुसरा प्रश्न येतो, तोही नेहमीचा. कपाळ कशाला कापलं, मांडीची कातडी लावायची ना? मीसुद्धा ऑपरेशन करणाऱ्या मॅडमना हेच विचारलं होतं. मांडीची पातळ कातडी चेहऱ्यावर लावली तर ती आक्रसते आणि ठिगळासारखी वेगळ्या रंगाची दिसते. चेहऱ्यासाठी कातडी लागलीच तर कानामागची नाहीतर गळ्याच्या हाडावरची, पूर्ण जाडीची घेतात. पण खरी अडचण वेगळीच होती. ग्राफ्ट म्हणजे सगळीकडून तोडून आणलेली कातडी. पहिले एक-दोन दिवस ती खालून जो पाझर येतो त्यावर तग धरते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जाऊन भेटतात, आणि पाच-सात दिवसांत तिच्यात रक्त खेळायला लागतं. तेवढे दिवस ती जरासुद्धा सरकता कामा नये, म्हणून वर बोळा ठेवून घट्ट शिवतात. खाली रक्त साठलं तरी गेली. माझ्या खड्ड्याच्या तळाशी तर उघडी कूर्चा. तिच्यावर पाझरही नाही आणि भेटायला वाहिन्याही नाहीत.

"म्हणून फ्लॅप करायचा," मॅडम म्हणाल्या. "कातडी कपाळावरून उचलायची, पण पूर्ण तोडायची नाही. भुवईपाशी एक देठ ठेवायचा. त्या देठातून रक्त येत राहतं."

मी म्हटलं, "म्हणजे भेटकलम."

त्यांना ते ठाऊक नव्हतं, मग मी सांगितलं. पाचर कलमात काडी झाडापासून तोडून खुंटात, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपात, खोचतात आणि सुकू नये म्हणून वर प्लॅस्टिकची टोपी घालतात. भेटकलमात फांदी तोडतच नाहीत. खुंटाचं रोप पिशवीसकट आईझाडापाशी नेतात, दोघांची साल तासून एकमेकांना बांधतात. फांदी आईचंच पाणी पीत राहते. दोन-तीन महिन्यांनी सांधा धरला, खुंट पाजायला लागला, की मग आईकडून कापायची. माझ्या सासऱ्यांनी अशी शेकडो आंब्याची कलमं बांधली. मी हे बोलले तेव्हा माझी भीती निम्मी गेली, हे अगदी खरं.

मॅडमनी आधीच विचारून ठेवलं होतं, "मिश्री लावता?" लावत होते, लग्नाच्या आधीपासून. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, मग देठ असूनही फ्लॅपचं टोक काळं पडू शकतं. महिनाभर आधी डबी जावेकडे दिली ती दिलीच. या सगळ्यात मला खरं जड गेलं ते हे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी पेनासारखं यंत्र भुवईच्या आतल्या टोकाशी धरलं. 'हुश्श हुश्श' असा आवाज यायला लागला, तीच देठाची रक्तवाहिनी. मग टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाची चांदी नाकावर दाबून माप घेतलं, तेवढी कापली, कपाळावर उलटी ठेवून जांभळ्या शाईनं रेघ मारली. मारता मारता म्हणाल्या, "काकू, हे ऑपरेशन तुमच्या पुण्याचंच आहे."

नंतर मुलानं ते सगळं मला वाचून दाखवलं. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर एक मराठा बैलगाडीवान होता, इंग्रजांनी त्याचं नाव कावसजी असं लिहिलंय. टिपूच्या माणसांनी धरून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्यानं त्याला नाक करून दिलं. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिननं १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकिगत छापली. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून घडवायची, मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ मारायची, कातडी सोडवायची आणि दोन डोळ्यांच्या मधे थोडी जोडलेली ठेवून खाली वळवायची. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. जोड साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. ते वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली हे ऑपरेशन केलं आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अजूनही त्याला 'भारतीय पद्धत' म्हणतात. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक करण्याची रीत आहे, आणि तिथे माप घ्यायला सांगितलंय झाडाचं पान. मेण, पान, पाकिटाची चांदी. काम तेच.

गाडीवानाचं नाव राहिलं. नाक करणाऱ्याचं मात्र त्या हकिगतीत नाव नाही, फक्त जात आहे. ज्याच्या हातची रीत जगभर गेली आणि फिरून माझ्या कपाळावर आली, त्याला काय म्हणून हाक मारायची ते मला माहीत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तीन आठवडे मी ती सोंड घेऊन राहिले. वॉर्डात सगळे तिला सोंडच म्हणायचे. भुवईपासून नाकापर्यंत करंगळीहून जाड, पिळलेली कातडी, तिची उघडी बाजू मलमाच्या जाळीत गुंडाळलेली. पहिले दोन दिवस तिच्यातून रक्त झिरपायचं. चष्मा बसत नव्हता, त्यामुळे ना पेपर ना मोबाइल. टिकली लावायला जागा नव्हती. कपाळ जमेल तेवढं शिवलं होतं, वरच्या टोकाला ओढूनही मिटेना, ते तसंच उघडं सोडलं होतं. रोज मलम लावायचं, बाकी ते आपोआप कडेकडेनं भरत आलं. त्याला दीड महिना लागला. आणि एक गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती. कपाळावर माशी बसली म्हणून मी हात न्यायचे, तर ती बसलेली असायची नाकावर. कातडी खाली आली होती, पण तिची नस अजून कपाळाचीच होती.

एकविसाव्या दिवशी मॅडमनी देठ चिमट्यानं दाबून धरला आणि नाकाकडे बघत राहिल्या. रंग बदलला नाही. बोटानं दाबलं की पांढरं, सोडलं की लगेच गुलाबी. खुंट पाजायला लागला होता. देठ कापला, उरलेला तुकडा भुवईपाशी परत बसवला. नाक तेव्हा जाड, फुगीर होतं. पुढे आणखी एकदा आतून पातळ केलं.

नस कापल्यावर मात्र नाक बधिर झालं. कित्येक महिने तिथे काही कळायचंच नाही, ना ऊन ना वारा. परवा शेडनेटमध्ये सकाळी पाणी मारत होते. वरच्या पाइपातून एक थेंब पडला. गार लागला, आणि नाकावरच लागला.