तुम्ही विचारलंत म्हणून: एसी लावला की काटा का चढतो

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. "ताई, एसी लावला का गाडी तापून राह्यली. काय बदलू?" विचारणाऱ्याची गाडी बहुतेक मॉडिफाय केलेली असते. कुणाच्या जुन्या जीपला मागाहून एसी बसवलेला, कुणी इंजिनच दुसरं टाकलेलं, कुणाच्या जाळीपुढे जाड बंपर आणि चार दिवे. मी मेकॅनिक नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि बाबांची १९९४ची महिंद्राची एमएम ५४० जीप सांभाळते. या जीपने मला दोन उन्हाळे याच दुखण्यापायी हैराण केलं आणि शेवटी ते दुखणं माझ्याच हाताला लागलं, म्हणून लोक मला विचारतात.

काय बदलायचं ते नंतर बघू. आधी तापमानाचा काटा नेमका कधी चढतो ते मला सांगा. सिग्नलला उभं असताना, गावात चाळीसच्या वेगाने जाताना की हायवेवर ऐंशीला? उभ्या गाडीत चढून, गाडी धावायला लागली की उतरत असेल, तर वारा कमी पडतोय. म्हणजे पंखा, त्याची वायर, रिले (पंखा चालू करणारा विजेचा स्विच), नाहीतर पंख्याभोवतीचा श्राउड (वारा इकडेतिकडे जाऊ न देणारं कडं). हायवेवर चढत असेल, तर सहसा इंजिन गार ठेवणारं पाणीच पुरेसं फिरत नाही. ते पाणी वाऱ्याने निववणारा रेडिएटर आतून चोंदलेला असेल, पंप दमलेला असेल, किंवा खालचा होज (रबरी नळी) पंपाच्या ओढीने चपटा होत असेल. एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं, पण तो विचारायच्या आधीच लोक नवीन रेडिएटर घेऊन मोकळे होतात. मीही घेतला होता.

आमच्या जीपला मुळात एसी नव्हता. आईची बायपास झाली आणि डॉक्टरांनी तिला उन्हात नेऊ नका म्हणून सांगितलं. बहीण नागपूरबाहेर बुटीबोरीला राहते, आईला तिच्याकडे जायचं असतं, म्हणून हार्डटॉप करून एसी बसवून घेतला. २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, त्यावर कम्प्रेसर आला, रेडिएटरच्या पुढ्यात कंडेन्सर आला आणि कंडेन्सरच्या पुढे एसीबरोबर चालू होणारा एक इलेक्ट्रिक पंखा. इंजिनाचा बेल्टवरचा पंखा मागे होताच.

मग सुरू झालं. एसी बंद असला की काटा मध्यावर निवांत. एसी लावून नागपुरात वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाखालून जीप चाळीस-पन्नासच्या वेगाने निघाली की छत्रपती नगरच्या पुढे काटा चढायला लागायचा. आई मागे बसलेली, तिला काही कळू नये म्हणून मी गप्प. तोंडाने काही न बोलता एसी बंद करायचा आणि काच खाली करायची. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश. ती झळ तिच्या तोंडावर आली की मला कसंतरी व्हायचं.

सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, एसीचा लोड. ते अगदीच खोटं नाही. कम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो आणि कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरच्याच तोंडावर टाकतो. बाहेर ४५ अंश असताना रेडिएटरपर्यंत पोचणारा वारा ५५च्या आसपास असू शकतो. पाणी ९० अंशांवर असेल, तर उष्णता काढून न्यायला फरक उरतो पस्तीसच अंशांचा. पण मग सिग्नलला काटा सर्वांत जास्त चढायला हवा. आमचा काटा चढायचा तो गाडी धावताना, आणि तोही मधल्याच वेगात. बुटीबोरीकडे रस्ता मोकळा झाला, सत्तर गाठले, की उलट थोडा उतरायचा. हे कुणालाच पटवता येत नव्हतं.

शेवटी लांब तारेचे दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणले. एक प्रोब (तारेचं टोक) वरच्या होजला, जिथून गरम पाणी रेडिएटरमध्ये येतं, एक खालच्या होजला, जिथून ते इंजिनात परत जातं, दोन्ही नीट टेपने गुंडाळून, आकडे डॅशबोर्डवर. एसी बंद असताना वर ८८, खाली ७९. एसी लावला, पन्नासचा वेग धरला आणि दहा मिनिटांत वर १०३, खाली ९८. नऊचा फरक पाचवर आला होता. पाणी अडलं असतं तर फरक वाढला असता, कारण हळू जाणारं पाणी रेडिएटरमध्ये जास्त वेळ राहून जास्त निवतं. इथे पाणी फिरत होतं आणि जवळपास तसंच गरम परत येत होतं. म्हणजे वाराच लागत नव्हता. पन्नासच्या वेगात, समोरून वारा येत असताना!

घरी येऊन जीप अंगणात उभी केली, इंजिन बंद ठेवून नुसत्या चावीवर एसी लावला आणि ओढणीचं टोक जाळीपुढे धरलं. पंखा बरोबर असता तर त्याने ओढणी जाळीकडे ओढली असती. ती माझ्या तोंडावर उडाली.

रेडिएटरच्या मागे बसवायचा पंखा पुढे बसवला होता, तसाच. मागे असता तर त्याने वारा आत ओढला असता, पुढे बसल्यावर तो कंडेन्सरमधून वारा ओढून बाहेर फेकत होता. उभ्या गाडीत इंजिनावर भार कमी, म्हणून बेल्टचा पंखा त्याच्याविरुद्ध ओढेल तेवढा वारा कसाबसा पुरायचा. चाळीस-पन्नासला समोरचा वारा आणि हा पंखा एकमेकांना अडवून धरायचे. सत्तरला समोरचा वारा जिंकायचा. आणि एसी बंद केला की तो पंखाच बंद, म्हणून दोष एसीच्या नावावर. वायरी उलट्या जोडून पंखा उलटा फिरवला, पण तेवढ्याने भागत नाही. पात्यांचा बाकही त्या दिशेला लागतो. पातं काढून फिरवून बसवलं. खर्च शून्य. मी जीपच्या बंपरवर बसून रडले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

म्हणून ओढणी, रुमाल, वर्तमानपत्राचं पान, काहीही चालेल, पण ही परीक्षा आधी करा. मग मीटर घेऊन पंख्याच्या टोकाशी व्होल्टेज बघा. बॅटरीवर १३.८ आणि पंख्यापाशी ११ असेल, तर वायर बारीक आहे किंवा अर्थ खराब आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. "थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या नागपुरात कायले पाह्यजे?" हा सल्ला ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून सरळ इंजिनात परत जातो. गाडी जास्तच तापते, आणि लोक म्हणतात, बघा, थर्मोस्टॅट काढूनसुद्धा तापते.

बोअरचं पाणीही घालू नका. कुलरच्या ताटीवर एका उन्हाळ्यात जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आतून चढतो, फक्त दिसत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. नुसतं कूलंट ओतणारेही भेटतात, पण उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. आणि झाकण गरम असताना उघडू नका. ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते एकदम उकळून अंगावर येतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या हातावर तो डाग अजून आहे.

थंड इंजिन चालू केल्याबरोबर वरचा होज टणक होत असेल किंवा रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहत असतील, तर मला फोन करू नका, थेट हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) तपासून घ्या.

आमच्या जीपचा आकडा नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, व्हरायटी चौकातल्या गर्दीत, एसी चालू असताना अजूनही ९६-९७ पर्यंत जातो. तेवढं त्या इंजिनाला चालतं. आई मागे झोपलेली असते.