सव्वापाचचा गुलाब

सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर. मधे पंप, पाकणीचं जलशुद्धीकरण केंद्र, मग शहरातल्या उंच टाक्या आणि सगळ्यात शेवटी गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यातला व्हॉल्व्ह. यात कुठंही वीज गेली किंवा लाईन फुटली की आपली पाळी पुढं सरकते. तीन दिवसांआड म्हणता म्हणता पाच होतात आणि संध्याकाळी सातचं पाणी रात्री अडीचला सुटतं. म्हणून गल्लोगल्ली पाण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. ज्याच्या नळाला आधी आलं त्यानं लिहायचं, बाकीच्यांनी उठून मोटर लावायची. काम एवढंच.

आणि अशा ग्रुपवर पहाटे सव्वापाचला गुलाब येतो. लाल, पाकळीवर दवाचे थेंब, शेजारी वाफाळता चहा, वर 'शुभ प्रभात' आणि खाली माणुसकीवरचा एखादा सुविचार. रात्रीचं पाणी चुकू नये म्हणून ज्यांनी या ग्रुपला वेगळी, मोठ्ठी रिंग लावलेली असते, त्यांच्या घरात हा गुलाब चांगलाच खणखणतो. कुणी अंगावरची चादर (सोलापुरीच असणार) फेकून उठतं, अंधारात हौदाचं झाकण सरकवतं, तोटी सोडतं. तोटीतून फुस्स करून हवा येते. परत येऊन फोन बघावा तर गुलाब, आणि त्याखाली तोवर चौघांनी हात जोडलेले.

इथपर्यंत फक्त झोपमोड झाली. खरं नुकसान पुढच्या मिनिटाला होतं, कारण हा माणूस ग्रुप म्यूट करतो. म्यूटला तीन पर्याय मिळतात: आठ तास, एक आठवडा, कायमचं. चिडलेलं बोट आठ तासांवर जात नाही. कायमचं म्यूट करून माणूस ते विसरूनही जातो. ग्रुपवर माणसं दोनशे दिसत राहतात, पण त्यातली ऐकतात किती हे अ‍ॅडमिनलाही दिसत नाही. पुढच्या पाळीला अडीचला पाणी येतं, कुणीतरी भला माणूस लिहितो, आणि सकाळी रिकाम्या पिंपापाशी 'कुणी सांगितलंच नाही' म्हणून तोंडातोंडी. म्यूटचा अंदाज घ्यायचा एक आडमार्ग मात्र आहे. पाठवणाऱ्यानं आपला मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली, की कुणी किती वाजता वाचला ते दिसतं. निळी खूण बंद ठेवणाऱ्यांचंही ग्रुपमधलं वाचन इथं लपत नाही. रात्रीचा मेसेज बहुतेकांनी सकाळी नऊला वाचलेला दिसला, तर ग्रुप कधीच बहिरा झालाय असं समजावं.

तर अवांतर रोखायचं ते शिस्तीच्या हौसेपोटी नव्हे, लोकांनी कान उघडे ठेवावेत म्हणून. पण अवांतर ओळखायचं कसं? 'पाण्याशी संबंधित असेल तेवढंच' असा नियम केला तर ग्रुप बुडालाच. 'महापालिका झोपलीय का', 'उजनी किती टक्के', 'पूर्वी दोन टाइम पाणी यायचं', हे सगळं पाण्याशीच संबंधित आहे. त्यापेक्षा एकच विचारावं: हे वाचून कुणी उठून काही करणार आहे का? मोटर लावणार, पिंप घासून ठेवणार, टँकर सांगणार, धुणं उद्यावर ढकलणार? उजनीची टक्केवारी वाचून कुणी जागचं हलत नाही. 'उद्या शटडाऊन, पाळी एक दिवस पुढं' वाचून हलतं.

मयताची बातमी या कसोटीला उतरते. कुणाकडं झालं, किती वाजता नेणार, कुठल्या स्मशानात, एवढं वाचून माणूस चपला घालतो. तिच्याखाली ओळीनं पडणाऱ्या 'भावपूर्ण श्रद्धांजली' उतरत नाहीत, कारण ज्या घरासाठी त्या असतात त्या घरातलं कुणी त्या दिवशी पाण्याचा ग्रुप उघडून बसलेलं नसतं. रक्त हवंय, हाही मेसेज चालावा. मात्र रक्तगट, दवाखाना, फोन आणि 'आज किती वाजेपर्यंत' हे चारही त्यात हवं. वेळ लिहिली नाही तर पेशंट घरी येऊन जेवायला लागला तरी तो मेसेज जिल्हाभर हिंडत राहतो आणि नातेवाइकाचा फोन वाजत राहतो. गरज भागली की ज्यानं टाकला त्यानंच काढावा.

शेंगा चटणीच्या जाहिरातीपाशी कसोटी थोडी लंगडते, हे कबूल करावं लागेल. 'घरगुती, उखळात कुटलेली, अर्धा किलोपासून पुढं' असं वाचून माणूस खरोखरच उठून ऑर्डर देतो. म्हणून तिला एक शेपूट जोडलेलं बरं: हे उद्या सकाळी वाचलं तर काही बिघडेल का? चटणी उद्याही तेवढीच झणझणीत असते. पाणी तोवर गेलेलं असतं.

आता ज्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही ते. पाण्याच्या ग्रुपवरचा पुष्कळसा गोंगाट अवांतर नसतोच, तो अर्धवट मेसेजमधून निघतो. एक जण लिहितो, 'आलं.' बस्स. मग 'कुठं?', 'आमच्याकडं नाही', 'आमच्याकडं पण नाही', 'किती वाजता?', 'आलं का बे खरंच?', 'चावीवाल्याला फोन करा की कुणीतरी'. एका शब्दापायी वीस मेसेज. लिहायला चार गोष्टी ठरवून द्याव्यात: भाग, वेळ, दाब, रंग. 'गल्ली ३, २.४०ला सुटलं, दाब कमी, पहिली पाच मिनिटं गढूळ.' यावर विचारायला काही उरत नाही. गढूळ आहे म्हटल्यावर पहिलं पाणी हौदात न घेता बाहेर सोडायचं, हेही न सांगता कळतं. दाब लिहिला की वरच्या मजल्यावरच्यांना खालच्या टाकीत भरून मग मोटरनं चढवायची तयारी करता येते. पाणी गेल्याचंही लिहावं. ते जवळपास कुणीच लिहीत नाही, आणि तेच नसल्यानं उशिरा उठलेला माणूस कोरड्या हौदावर मोटर चालवून ती जाळून घेतो.

'वाचलं', 'ओके', 'धन्यवाद अण्णा' यांच्यासाठी मेसेजवर अंगठा ठेवायची सोय २०२२ पासून आहे. तेवढ्यानं अख्ख्या गल्लीचे फोन वाजत नाहीत. कुठल्या गल्लीला आलं आणि कुठल्या राहिलं हे हवं असेल तर पोल टाकावा. त्यात जास्तीत जास्त बारा पर्याय बसतात, म्हणजे चौदा गल्ल्या असल्या तर दोन पोल करावे लागतात. मोठ्या ग्रुपवर एवढ्यानंच रात्रीची वर्दळ बरीच उतरते.

आवाजी मेसेजबद्दल मतं टोकाची असतात. सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, की लिहायची सवय नसलेल्या आजी आणि दिवसभर विड्या वळून बोटं अवघडलेल्या बायका याच पाण्यासाठी सगळ्यात आधी जाग्या असतात. त्यांची बातमी सगळ्यात पक्की. दहा सेकंदांची मर्यादा घालावी आणि मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, जी तोंडात येईल ती भाषा चालू द्यावी. 'नीरु बंतु' (कानडीत 'पाणी आलं') ऐकून न उठणारा सोलापुरात विरळाच.

एवढं करूनही गुलाब येणारच. तेव्हा अ‍ॅडमिननं काय करावं? ग्रुपवर अवाक्षर काढू नये. 'कृपया ग्रुपचे नियम पाळा' असं चारचौघांत लिहिलं की एक जण पाठवणाऱ्याची बाजू घेतो, दुसरा अ‍ॅडमिनची, तिसरा 'जाऊ द्या, सण आहे' म्हणतो, चौथा मागचं उकरतो, आणि एका गुलाबाच्या बंदोबस्तात सगळी सकाळ वाजत राहते. वेगळा मेसेज करावा, दहा-पंधरा मिनिटांच्या आत, आणि सोलापुरी गोडीनं: 'मालक, फोटो झकास आहे. तेवढा पाण्याच्या ग्रुपवरनं काढता का? लोक मोटर लावायला पळाले.' हसून काढून टाकतात. ज्याचा मेसेज त्यानंच काढला तर तिथं नुसतं 'मेसेज हटवला' एवढंच उरतं. अ‍ॅडमिननं काढला तर अ‍ॅडमिननं काढल्याची नोंद राहते, आणि मग जिन्यात भेटल्यावर ती माणसं एकमेकांकडं बघत नाहीत.

यात एक हमखास घोटाळा होतो. काढताना फोन विचारतो, सर्वांसाठी की माझ्यासाठी. साहेब बिनधास्त 'माझ्यासाठी' दाबतात. त्यांच्या फोनवरून गुलाब जातो, बाकी सगळ्यांच्या फोनवर राहतो, आणि ते शपथेवर सांगतात की काढला. 'माझ्यासाठी' दाबल्यावर 'पूर्ववत करा' ही पट्टी काही सेकंदच दिसते. ती गेली की त्यांच्या हातात काही उरत नाही, अ‍ॅडमिनलाच काढावा लागतो. म्हणून विनंती करतानाच 'सर्वांसाठी' हा शब्द घालावा. माणूस ग्रुपमधून काढणं हा मात्र शेवटचा उपाय, आणि तोही बाहेरच्या जाहिरातवाल्यासाठीच. गल्लीतल्या माणसाला काढलं की पुढच्या वास्तुशांतीला कोण जेवायला येणार नाही, हेही त्याच क्षणी ठरतं.

'फक्त अ‍ॅडमिननं लिहावं' हे बटण दाबून मोकळं व्हायचा मोह प्रत्येक अ‍ॅडमिनला होतो. पाण्याच्या ग्रुपला ते बटण मारक आहे. अडीचला अ‍ॅडमिन झोपलेला असतो आणि जी जागी असते तिला लिहिता येत नाही. बटण वापरायचंच असेल तर गल्लीगणिक दोघांना अ‍ॅडमिन करावं, एक लवकर उठणारा आणि एक रात्रपाळीवरचा. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून रात्री उशिरा परतणाऱ्यांइतका चांगला पाण्याचा पहारेकरी दुसरा नाही. नियम मात्र ग्रुपच्या नावातच घालावा: 'फक्त पाणी'. वर्णनात नियमांचा अख्खा कागद मावतो, पण तो उघडून वाचणारा माणूस मुळात गुलाब पाठवणाऱ्यांतला नसतो.

फॉरवर्डचं पारखणं त्या मानानं सोपं. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला की त्यावर दोन बाण दिसतात. आपल्या गल्लीतलं पाणी पाच हातांतून फिरून येत नाही, तेव्हा दोन बाण दिसले की वाचायचेही कष्ट नकोत. अपवाद महापालिकेच्या निवेदनाच्या फोटोचा, आणि तिथंच सगळ्यात मोठा सापळा आहे. 'तांत्रिक कारणामुळे उद्याचा पाणीपुरवठा एक दिवस उशिरा होईल.' तारीख वरच्या कोपऱ्यात होती, ती कुणीतरी फोटो कापताना उडवली. आता हा 'उद्या' अमर झाला. तो मार्चमध्ये येतो, मेमध्ये येतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो, आणि दर वेळी पन्नास घरं बेसावध राहतात किंवा विनाकारण टँकर सांगतात. तारीख दिसत नसेल तर निवेदन काढायचं, मग ते कुणीही टाकलेलं असो. खरं असेल ते अ‍ॅडमिननं वर पिन करावं. पिनला २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी मुदत देता येते. शटडाऊनला २४ तास पुरतात, मुदत संपली की ते आपसूक उतरतं. भडक फॉरवर्डनं धास्तावलेल्या अ‍ॅडमिनांसाठी एवढंच, की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये म्हटलंय: सामाईक हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तरी काढायचं ते काढावंच.

राहता राहिली लोकांची बोलायची हौस, आणि ती वाईट गोष्ट नाही. सव्वापाचला गुलाब पाठवणारे काका निवृत्त असतात, घरातले सगळे झोपलेले असतात, आणि आपण उठलोय हे कुणाला तरी कळावं एवढंच त्यांना हवं असतं. त्यांच्यासाठी दुसरा ग्रुप काढावा, नाव 'कट्टा'. तिथं गुलाब, वाढदिवस, चटणी, श्रद्धांजली, महापालिकेचा उद्धार, सगळं खुलं. दोन्ही ग्रुप एकाच दिवशी सुरू करावेत. आधी बंदी आणि मग महिनाभरानं कट्टा असं केलं तर कट्ट्याला शिक्षेचा वास येतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावं, की नंदीध्वजाचे फोटो कट्ट्यावर. एकदा 'हर्र बोला हर्र'चा जयघोष पाण्याच्या ग्रुपवर पडला की तो काढायची छाती सोलापुरात कुठल्याच अ‍ॅडमिनला होणार नाही.

कट्टा रंगला की एक नवीच अडचण उभी राहते. रात्री पावणेतीनला, भेळेच्या गाडीवरून चाललेल्या वादात कुणीतरी मधेच टाकतो, 'पाणी सुटलं बे.' कट्टा सगळ्यांनी म्यूट केलेला, जागे असतात ते वाद घालणारे पाच जण. त्या वेळी अवांतराचा नियम सांगत बसू नये. भाग आणि वेळ विचारून घ्यावी, पाण्याच्या ग्रुपवर स्वतःच टाकावी आणि मोटर लावायला जावं.