लिंबची बारा मोटांची विहीर: फोनने टिपायला जाताना

शनिवारी उजाडताच भाची आणि मी साताऱ्याहून स्कूटरने लिंबला गेलो. फोनने फोटो काढून, ते सॉफ्टवेअरने जोडून बारा मोटांच्या विहिरीचं त्रिमितीय मॉडेल करायचं होतं. पुण्याकडून येणाऱ्यांना साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाटा लागतो. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या, विहिरीत आमचं नेटवर्क गेलं.

वीरूबाई भोसले यांनी ही अष्टकोनी विहीर शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. पायऱ्या उतरून आतल्या महालात आलो तशी भाचीने विचारलं, "मामी, विहिरीत घर कशाला?" म्हटलं, वैशाखात येऊन बस, कळेल.

ऊन चढायच्या आत पोहोचा. भिंतीवर ऊन-सावली पडली की सॉफ्टवेअर सावलीच्या रेषेलाच दगडाची कड समजतं. एका जागी उभं राहून गोल फिरू नका. पावलापावलाने सरका आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला सत्तर टक्के भाग येऊ द्या. फोकस आणि उजेड लॉक करा. मीटरची पट्टी एखाद्या फोटोत ठेवाच, नाहीतर आकार मिळतो पण माप मिळत नाही. फोनमधला लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर, जेमतेम पाच मीटर पोहोचतो, इथे तो पुरत नाही. पाण्याच्या जागी मॉडेलला भोक पडतं, ते तसंच राहू द्या.

शिलालेखात खडू किंवा रंग कृपा करून भरू नका. टॉर्च दगडालगत आडवा धरून चारी बाजूंनी फिरवा, अक्षरं आपसूक उठून दिसतात. ड्रोनला परवानगी लागते. पायऱ्यांवर शेवाळ असेल तर मुलांचा हात सोडू नका. चहा-नाश्ता गावातच करा, कचरा मात्र परत न्या.

पुढच्या रविवारी मॉडेल पेनड्राइव्हवर घालून गावात दिलं. जे टिपलं ते आधी गावाकडे असावं, असं मला मनापासून वाटतं. लहानपणी मोट हाकलेल्या एका आजोबांनी फोनवर विहीर फिरवून फिरवून पाहिली. "नाडा हितनं, पाणी थारोळ्यात. समदं खरं, ताई. पर बैलांची धाव कुठं हाय?"

मोट ओढताना बैल ज्या वाटेने चालतात ती धाव काठाबाहेर असते, आणि आम्ही काठाबाहेर एकही फोटो काढला नव्हता. तुम्ही जाल तेव्हा सुरुवात बाहेरच्या जमिनीपासून करा.