नवव्या मिनिटाला दिसलेला तलाव

खासगी वैमानिक परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय निकष एकट्याने किमान १० तास उडायला सांगतात. त्यांतले ५ तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्याकडे वाट शोधत जाण्याचे, आणि त्यातही एक उड्डाण किमान २७० किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. माझं ते उड्डाण परवा झालं. तीन टप्पे, मिळून १५२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २८१ किलोमीटर.

पहिला टप्पा आखल्याप्रमाणे गेला. खरी शिकवण दुसऱ्यात मिळाली.

हा टप्पा ४८ मैलांचा. हवामान खात्याच्या वाऱ्यानुसार जमिनीवरचा वेग ९६ नॉट (ताशी सागरी मैल) धरला होता, म्हणजे ३० मिनिटं. पहिली खूण आखलेल्या मार्गावरच, १८ मैलांवरचा धरणाचा तलाव, अकराव्या मिनिटाला. नवव्या मिनिटालाच उजवीकडे पाणी चमकलं. 'हाच तो!' असं मन लगेच म्हणालं आणि हात वळायलाही लागला. तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. ९ मिनिटांत १८ मैल म्हणजे १२० नॉट. इतका जोराचा पाठवारा असणं शक्यच नव्हतं. शिवाय त्या तलावाला धरणाची भिंत नव्हती, कालवाही नव्हता. मी हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची ठरलेली दिशा, सोडलं नाही. बाराव्या मिनिटाला खरा तलाव दिसला, दीड मैल उजवीकडे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. आधी खाली पाहून नकाशात शोधायला गेलात, तर कुठलंही गाव तुमचंच वाटायला लागतं. खूण निवडताना तिच्या किमान दोन ओळखी लिहून ठेवा. नुसता रस्ता किंवा नुसतं पाणी पुरत नाही.

पुढचा हिशेब एकास साठच्या नियमाने केला: ६० मैलांत एक मैल बाजूला, तर चूक एका अंशाची. मी १८ मैलांत दीड मैल डावीकडे सरकलो होतो, म्हणजे ५ अंशांची चूक. उरलेल्या ३० मैलांत तेवढंच भरून काढायला आणखी ३. एकूण ८ अंश उजवीकडे. प्रत्यक्ष वेग ९० नॉट निघाला, म्हणून उरलेला प्रवास २० मिनिटांचा. नवी वेळ रेडिओवर कळवली आणि बत्तिसाव्या मिनिटाला धावपट्टी नाकासमोर आली. तो आनंद सांगता येत नाही!

हा हिशेब घरी तोंडपाठ होईपर्यंत करा, वर गेल्यावर डोकं निम्मंच चालतं. हेडिंग इंडिकेटर हळूहळू सरकत जातो. दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ, समतल आणि एकाच वेगात असताना तो होकायंत्राशी जुळवून घ्या. खूण सापडलीच नाही, तर गोल गोल फिरत शोधू नका. हेडिंग धरून पुढच्या मोठ्या खुणेची वाट पाहा. ढग आणि हवाई क्षेत्राची मर्यादा आड येत नसेल तर उंची घ्या, आणि रेडिओवर मदत लवकर मागा. त्यात कमीपणा नाही.

तिसऱ्या टप्प्याआधी मी मुद्दाम अर्धा तास थांबलो. टाकीत मोजकांडी घालून इंधन पाहिलं, नवा वारा घेऊन सगळी हेडिंग पुन्हा काढली आणि मगच इंजिन सुरू केलं.